मुलांसाठी शिकण्याची बाग सुरू करायची आहे: जागा, माती, वेळापत्रक, सगळ्यावर बोलूया

रानजाई (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराजवळ महापालिकेची एक शाळा आहे. तिच्या मागची दीडेक गुंठा जागा वर्षानुवर्षं पडून आहे. शाळेतली तिसरी ते सातवीची मुलं आणि आसपासच्या सोसायट्यांमधली ज्यांना यायचंय ती मुलं, अशा सगळ्यांसाठी तिथं भाजीपाल्याची बाग करायचं आम्ही काही पालकांनी मनावर घेतलंय. मुख्याध्यापक बाई तयार आहेत.

हेतू आधी सांगते, म्हणजे सल्ला त्या अंगानं येईल. बाग देखणी व्हावी किंवा टोपल्या भरून भाजी निघावी, हा हेतू नाही. काय लावायचं ते मुलांनी ठरवावं. बी उगवलं नाही तर उकरून बघावं, की खोल गेलं, कुजलं की मुंग्यांनी नेलं. एका ठेकेदारानं लॉन आणि शोभेच्या झाडांसकट तयार बाग करून द्यायची तयारी दाखवली होती, ती आम्ही नाकारली. मोठ्यांनी करून ठेवलेल्या बागेत मुलं पाहुणी होतात.

जागेची स्थिती अशी: अर्ध्या भागात बांधकामाचा राडारोडा, उरलेल्या भागात कमरेइतकं गाजरगवत. दक्षिणेला चार मजली इमारत आहे. नळ आहे, पाणी सकाळी येतं. सुरुवात किती जागेवर करावी? आधी काय लावावं? आणि सुट्टीत बागेचं काय करायचं? शाळांमधल्या बऱ्याच बागा मे महिन्यात वाळलेल्या पाहिल्यात, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतोय.

वाफसा (परभणी)

ताई, कृषी खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो.

दीड गुंठा एकदम खणू नका. आठ वाफे पुरे. वाफा ३ फूट रुंद, ८ फूट लांब. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, कारण नऊ वर्षांच्या मुलाचा हात दीड फुटापर्यंत नीट पोचतो. दोन्ही बाजूंनी बसून काम झालं की वाफ्यात कुणाचा पाय पडत नाही आणि माती दबत नाही. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर एका वाफ्याला पाच जण. त्याहून जास्त झाले की दोघं काम करतात आणि बाकीचे बघत बसतात. मधल्या वाटा अडीच फुटांच्या ठेवा, घमेलं घेऊन दोन मुलं एकमेकांना ओलांडून गेली पाहिजेत.

राडारोडा असलेल्या जमिनीत थेट पेरू नका. चुना, सिमेंट, जुन्या रंगाचे पोपडे, काचा, काय काय असतं. वर ९ इंच उंचीचे गादीवाफे करा. एका वाफ्याला १८ घनफूट भर लागते, आठ वाफ्यांना १४४, म्हणजे साधारण दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हा हिशोब तुम्ही करू नका, सहावी-सातवीच्या मुलांना टेप देऊन करायला लावा. क्षेत्रफळ-घनफळाचा इतका खरा धडा दुसरा मिळणार नाही, कारण उत्तर चुकलं तर माती कमी पडते. भर म्हणजे पोयट्याची माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत. वाफे भरण्याआधी मातीचा नमुना जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊन या.

आता ती चार मजली इमारत. तुम्ही जागा जूनमध्ये पाहिली असेल तर ऊन भरपूर वाटलं असेल, तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी तो ४८ अंशांच्या आसपासच चढतो. पन्नास फूट उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे ४५ फूट पडते. हिवाळ्यातच तर मेथी-पालक-टोमॅटोचा खरा हंगाम. म्हणून वाफ्यांची आखणी हिवाळ्याची सावली धरून करा. भाजीपाल्याला रोज सहा तास ऊन हवं. मुलांनी दर तासाला सावलीच्या कडेवर खुंटी ठोकायची, एका दिवसात नकाशा तयार.

पाण्याचा अंदाज: आठ वाफे म्हणजे १९२ चौरस फूट. थंडीत दिवसाला ८० ते १०० लिटर लागतं, आच्छादन केलं तर कमी. चाळीस मुलांनी दोन लिटरची एकेक झारी ओतली की ८० लिटर होतात. पाइप लावूच नका. पाइप आला की एकच मूल पाणी देतं.

तांबडी_माती (रत्नागिरी)

वाफसा काकांनी देशावरचं सांगितलं, कोकणातल्या कुणी हा धागा वाचला तर त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे जून-जुलैत पालेभाजी पेरली की पावसानं बी वाहून जातं. पावसाळ्यात काकडी, पडवळ, दोडका मांडवावर चढवा, वाफे उंच ठेवा. मुलांची खरी बाग दिवाळीनंतर, लाल माठ, मुळा आणि वाल. वालाला रायगडात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवरच घेतात, पाणी जवळजवळ लागत नाही. आणि कुंपण आधी, बी नंतर. मोकाट गुरं आणि वानर एका सकाळीत सगळं संपवतात, मग लहान मुलांची समजूत काढणं फार अवघड असतं.

खिडकीतली_तुळस (ठाणे)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. कल्पना मनापासून आवडली, म्हणूनच काळजीच्या गोष्टी सांगते.

गाजरगवत मुलांना उपटू देऊ नका. पुण्यात ते १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज गावोगाव आहे. त्वचेला खाज, पुरळ, काहींना परागांमुळे शिंका आणि दमा. मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलोरा यायच्या आत, मुळासकट काढा. बांधावर कण्हेर, धोतरा, रुई असेल तर तीही हलवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

बियाण्याच्या पाकिटात गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मुलं बी हाताळतात आणि तोच हात तोंडात घालतात.

मुलांच्या धनुर्वाताच्या लसी पूर्ण आहेत ना, हे पालकांना विचारून घ्या (पाच आणि दहा वर्षांच्या डोसांपैकी एखादा बऱ्याच जणांचा राहून गेलेला असतो). कच्चं शेण वापरू नका. काम झाल्यावर साबणानं हात धुणं हा बागेच्या तासाचाच भाग ठेवा. झाऱ्या आणि बादल्या उपड्या करून ठेवा, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवड्याभरात मोठ्या होतात. पालापाचोळ्याचा ढीग वाफ्यांपासून लांब, आणि तो हलवायचं काम मोठ्यांनी काठीनं ठोकून करायचं, सापांना अशा जागा आवडतात. दुधी किंवा काकडी कडू लागली तर लगेच थुंकायची आणि ते फळ टाकून द्यायचं, हा नियम मुलांना पाठ असू द्या. कडू दुधीनं लोक गंभीर आजारी पडतात.

एवढं सगळं वाचून घाबरू नका. मातीत खेळणारी मुलं मला दवाखान्यात हवीहवीशी वाटतात.

चिमणचारा (पिंपरी)

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझे आईवडील बीडहून इकडे आले. शेती होती, पाणी नव्हतं. दोघांनी मजुरी केली ती आम्ही शिकावं, आमच्या हातात खुरपं येऊ नये म्हणून. महापालिकेच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरी हीच गोष्ट असेल. तुम्ही त्यांच्या हातात पुन्हा खुरपं देणार. सोसायटीतल्या मुलांसाठी तो आनंद आहे, कारण त्यांना ते कधी करावं लागणार नाही. आमच्या आईला मी हे सांगितलं तर ती विचारेल, यासाठी शाळेत घातलं का?

रानजाई

राग कसला. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. यावर विचार करून लिहिते. आधी शिक्षकांपैकी कुणी बोललं तर बरं.

गोदाकाठ (नांदेड जिल्हा)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, परसबागेचं काम बरीच वर्षं करतेय. चिमणचारा, तुमच्या आईचा प्रश्न माझ्या शाळेतल्या पालकांनीही विचारलाय, आणि तो रास्त आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली तेव्हापासून हा आक्षेप आहे: गरिबाच्या पोरांना हातकाम आणि श्रीमंताच्या पोरांना पुस्तकं. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती करतात, आणि त्याच कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकतात. तिथं काम अभ्यासाच्या जागी येत नाही, अभ्यास कामातून निघतो. माझ्या मते फरक सगळा इथेच आहे. बागेच्या तासाला वही नसेल तर ती मजुरी आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून काही नियम मी कडक पाळते. बागेतलं काम कधीही शिक्षा म्हणून द्यायचं नाही. पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या असतात, त्यात शिक्षकांचीही नावं असतात. ठरावीक घरातल्या मुलांच्या वाट्याला झाडलोट आणि इतरांच्या वाट्याला निरीक्षण, असं नकळत होतं. त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. मुली पाणी देतात आणि मुलगे खणतात, तेही मोडावं लागतं.

अभ्यास कसा निघतो, एक उदाहरण देते. चवळी आणि हरभरा शेजारी शेजारी पेरायला लावा. चवळीच्या डाळिंब्या (बीच्या दोन फाकी) जमिनीच्या वर येतात, हरभऱ्याच्या मातीतच राहतात. का? पाचवीतली मुलं यावर तासभर भांडतात. नवरात्रातले घट बहुतेकांनी पाहिलेले असतात, त्यातलं धान पिवळसर का असतं आणि आपल्या वाफ्यातलं हिरवं का, हे त्यांना स्वतःलाच सुचतं. मग एक कुंडी अंधारात आणि एक उन्हात ठेवून खात्री करतात. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. सकाळच्या सत्रातल्या मुलांना नर फूल, मादी फूल, त्यात शिरलेली मधमाशी, सगळं दिसतं. दुपारच्या सत्राला ते दिसत नाही, मग सकाळच्या मुलांनी त्यांच्यासाठी लिहून ठेवायचं.

आणि चिमणचारा, तुमच्या आईला बागेत बोलवा. कामाला नाही, शिकवायला. माझ्या शाळेत एक आजी येतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवलेल्या गवतातून घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा वेगळा काढून दाखवतात. मला स्वतःला यातलं निम्मं ओळखता येत नव्हतं. आजी बोलत असताना तिच्या नातवाचा चेहरा वर्गातल्या एरवीच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. (रानभाजी मात्र ओळखणाऱ्याशिवाय कुणी तोडायची नाही, सारखी दिसणारी विषारी झाडं असतात.)

चिमणचारा

गोदाकाठ ताई, शिक्षेचा आणि वहीचा मुद्दा पटला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, एवढं तरी त्यांना माहीत आहे का विचार.

गोदाकाठ

माहीत आहे, पण त्यांच्याकडून ऐकायला जास्त आवडेल!

रानजाई ताई, एक कागदी काम विसरू नका. नुसता मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, त्यांची बदली झाली की सगळं थांबतं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पालकांनी ठराव केला की बाग शाळेची होते, कुणा एकीची राहत नाही. बागेची एक वही ठेवा: काय कधी पेरलं, पाऊस किती पडला, काय मेलं आणि का वाटतं. जून महिन्यात सातवीची मुलं ती पाचवीकडे सोपवतात. उत्साही शिक्षक गेल्यावर बाग टिकते ती या वहीमुळे.

संत्रानगरी (नागपूर)

आमच्याकडे शाळाच जूनच्या शेवटी सुरू होते. जुलैत पेरणी केली तर भेंडी, चवळीला वेळ मिळतो का? की थेट सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट पाहावी?

वाफसा

मिळतो. भेंडीला पेरणीपासून पहिल्या तोडणीला ४५ ते ५० दिवस, म्हणजे पोळा-गणपतीच्या सुमारास भेंडी हातात.

सगळ्यांसाठी वेळापत्रक एकदाच लिहितो, कारण माझ्या मते मुलांच्या बागा फसतात त्या इथेच. बागेचं वर्ष पंचांगानं चालतं, शाळेचं वर्ष सुट्ट्यांनी, आणि दोन्हीचा मेळ आधी बसवावा लागतो.

जून-जुलैत भेंडी, चवळी, गवार, काकडी, दोडका, आणि कडेला एक लाल भोपळा. सोबत एका वाफ्यात मुळा आणि लाल माठ, कारण मुळा तीन-चार दिवसांत वर येतो आणि माठ महिन्याभरात खुडायला होतो. पहिलं पीक महिन्याच्या आत हाती लागलं पाहिजे. लहान मुलाला दोन महिने थांबायला सांगितलं तर त्याचं मन उडतं. सप्टेंबरअखेर टोमॅटो आणि वांग्याची रोपं. दिवाळीच्या सुट्टीत पाळीनं पाणी द्यायला दोन-तीन घरं ठरवा, तेवढे दिवस निभतात. सुट्टी संपली की मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, गाजर. धने पेरण्याआधी हलके रगडून दोन फाकी करायला लावा, मुलांना हे काम फार आवडतं. मार्चनंतर नवीन काही पेरू नका.

मे महिन्यात बाग वाचवायची धडपडच करू नका. वार्षिक परीक्षेआधी सगळं काढून घ्या, वाफ्यांवर उसाचं पाचट किंवा वाळला पाला सहा इंच पसरा, एकदा पाणी द्या आणि वाफ्यांना झोपू द्या. जूनमध्ये पाला बाजूला केला की खाली गांडुळं दिसतात. उन्हाळ्यात जगवायची ती फक्त दोन-तीन झाडं: कढीपत्ता, लिंबू, शेवगा. त्यांच्या बुडाशी मडकं पुरून त्यात पाणी भरा, दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं तरी चालतं. शेवगा मात्र कोपऱ्यात, कुंपणाच्या जवळ. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, मूल चढलं की फांदी मोडते.

लिंबू नक्की लावा, फळांसाठी नाही तर अळ्यांसाठी. ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली तसं जाहीर झालं. ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. अळीनं पानं खाल्ली म्हणून फवारणी करायची नाही, हे मोठ्यांना समजावणं जास्त अवघड जातं. गाजरगवतावर पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे दिसतात, ते १९८० च्या दशकात मुद्दाम देशात आणून सोडलेत. कुंपणाबाहेरचं गवत ते कसं खातात, हे मुलांना लांबून दाखवा.

बियाणं शक्यतो देशी घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, वाल-घेवड्यापासून कितीतरी वाण त्यांनी घरच्या घरी जपले. मुलांनी वाल, चवळी आणि टोमॅटोचं बी धरावं, ते पुढच्या वर्षी बहुतेक तसंच येतं. काकडी आणि भोपळ्याचं शेजारच्या वाणाशी मिसळतं. संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही.

बे_एरियातून

कॅलिफोर्नियात बर्कलीमधल्या एका माध्यमिक शाळेत १९९५ साली एडिबल स्कूलयार्ड सुरू झालं, डांबरी मैदान उखडून एक एकरभर बाग केली आहे. मी तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. त्यातली उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे बागेला जोडलेलं स्वयंपाकघर. मुलं जे उगवतात ते स्वतः चिरतात, शिजवतात, एका टेबलावर बसून खातात. घरी पालकाला नाक मुरडणारं मूल स्वतः खुडलेला पालक खातं, हे मी डोळ्यांनी बघतो.

रानजाई

आमच्या शाळेत खिचडी बाहेरच्या स्वयंपाकघरातून येते, त्यामुळे बागेतली भाजी त्या पातेल्यात पडणार नाही. पण मुळा, काकडी, गाजर, टोमॅटो यांना शिजवावं लागतच नाही. शनिवारी बागेतच कोशिंबीर, दाण्याचं कूट आम्ही घरून आणू.

सगळं वाचून ठरवलं ते असं. सावलीच्या खुंट्या आता ठोकणार आणि डिसेंबरमध्ये पुन्हा. आठ वाफे, त्यातला एक टेबलाच्या उंचीचा, कारण चौथीत एक मुलगी व्हीलचेअरवर येते. ठराव येत्या समितीच्या बैठकीत. आणि आठव्या वाफ्यात काय लावायचं यात मोठ्यांनी तोंड घालायचं नाही. तिसरीतल्या एका मुलानं आत्ताच सांगितलंय की त्याला भुईमूग लावायचा आहे, कारण शेंगा जमिनीखाली कशा लागतात ते त्याला बघायचंय.

चिमणचारा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पिंपरीहून यायला लांब पडेल, पण पहिल्या पावसानंतर एखाद्या शनिवारी त्यांना आणायला मी स्वतः येईन.

चिमणचारा

विचारलं. येते म्हणाली. एक विचारू? भाजी जास्त निघाली तर मुलांनी विकायची का? पैसे आले की पालकांचं मत बदलेल, पण मुलांना विक्रेता करायचं नाही असंही वाटतं.

गोदाकाठ

आम्ही मुलांच्या सभेत ठरवतो. आमची मुलं एकदा मेथी विकायला निघाली, तर आधी आठवडी बाजारात जाऊन जुडीचा भाव विचारून आली. मग बियाणं, खत, पाणी, आणि स्वतःचे तास मांडले. तासांचे पैसे धरले तर जुडी बाजारभावात परवडतच नाही, हे त्यांचं त्यांना कळलं. मग शेतकऱ्याला कशी परवडते, हा प्रश्न त्यांनीच विचारला. त्या दिवशी वर्गात ज्यांच्या घरी शेती आहे ती मुलं बोलत होती आणि बाकीची ऐकत होती. भाजी शेवटी कुणाला विकली नाही, ज्या घरांनी सुट्टीत पाणी दिलं त्यांना वाटली.

वाफसा

रानजाई ताई, त्या मुलाला सांगा, भुईमूग जूनच्या शेवटाला पेरायचा. फूल गळलं की त्याच्या बुडातून आरी, म्हणजे बारीक देठासारखा कोंब, निघते आणि खाली मातीत शिरते. वाफ्याच्या एका कडेला काच किंवा जाड पारदर्शक पत्रा लावा आणि त्याला लागून पेरा, म्हणजे शेंग धरताना दिसेल. काचेवर एरवी काळं कापड टाकून ठेवा, बघायच्या वेळी तेवढं काढायचं. माती भुसभुशीत हवी आणि आऱ्या सुटल्यावर खुरपणी करायची नाही.